सोडियम-पोटॅशियम पंपाचा बीटा-१ घटक: ई. कोलाय, गव्हाचा अंकुर की एचईके?

मानवी एटीपी१बी१ (म्हणजे हाच बीटा-१ घटक) या एकाच नावाखाली कॅटलॉगमध्ये तीन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात. ई. कोलाय या जिवाणूत बनवलेली, गव्हाच्या अंकुराच्या अर्कात बनवलेली आणि मानवी एचईके२९३ पेशींत बनवलेली. किमतीत मोठी तफावत असते. कोटेशन तुलनेच्या तक्त्यात मात्र तिन्ही एकाच ओळीत बसतात आणि सर्वांत कमी दराचे आपोआप मंजूर होते. प्रयोग काय आहे हे कागदावर आधी उतरले नसेल, तर घोटाळा इथेच होतो.

पंप पेशीच्या पटलात (बाहेरच्या आवरणात) बसलेला असतो आणि त्याचे काम अल्फा घटक करतो. सुमारे १००० अमिनो आम्लांचा, पटलातून दहा वेळा आरपार जाणारा हा घटक एटीपीचा एक रेणू खर्चून ३ सोडियम बाहेर टाकतो आणि २ पोटॅशियम आत घेतो. बीटा-१ हा त्याचा जोडीदार: ३०३ अमिनो आम्ले, पटलातून एकदाच आरपार, बहुतेक भाग पेशीच्या बाहेर. अल्फाची नीट घडी पडणे आणि त्याचे पटलापर्यंत पोहोचणे बीटावर अवलंबून असते. बाहेरच्या भागात तीन डायसल्फाइड बंध (घडी बांधून धरणारे गंधकाचे दुवे) आणि साखरसाखळ्या जोडल्या जाण्याच्या तीन जागा आहेत. निवडीचा सगळा प्रश्न या सहा गोष्टींचा आहे.

ई. कोलायमधला माल बहुधा ६३ ते ३०३ हा बाहेरचा तुकडा असतो, हिस-टॅगसह (शुद्धीकरणासाठी जोडलेली छोटी शेपटी) साधारण २८ किलोडाल्टन वजनाचा. जिवाणू साखर जोडत नाही. प्रथिन अनेकदा न विरघळणाऱ्या गाठींत साचते. युरियात विरघळवून त्याची पुन्हा घडी घातली जाते, पण डायसल्फाइड बरोबर जोड्यांत बसलेच याची हमी नसते. तरीही वेस्टर्न ब्लॉटच्या (जेलवर वजनानुसार वेगळी केलेली प्रथिने अँटिबॉडीने ओळखण्याची पद्धत) पॉझिटिव्ह कंट्रोलसाठी हेच घ्यावे, महाग पर्यायाची गरज नाही. जेलच्या प्रत्येक लेनला (रांगेला) १० ते ५० नॅनोग्रॅम पुरतात, म्हणजे १० मायक्रोग्रॅमच्या वायलमध्ये किमान २०० लेन निघतात. अँटिबॉडी बनवण्यासाठीही चालते, फक्त ती मूळ घडीतल्या प्रथिनाला धरेल असे गृहीत धरू नये.

गोंधळ बँडच्या जागेवरून होतो. पेशींच्या लायसेटमध्ये (पेशी फोडून काढलेल्या अर्कात) बीटा-१ साखरेमुळे ५० किलोडाल्टनच्या आसपास पसरट दिसतो. शेजारच्या लेनमध्ये विकतचे प्रथिन ३० च्या खाली. हे पाहून अँटिबॉडी चुकीची ठरवून टाकली जाते. लायसेटवर पीएनजीएज-एफ हे साखर तोडणारे एन्झाइम चालवा. साखर निघाली की बँड ३५ च्या जवळ उतरतो आणि शंका मिटते. विकतचा तुकडा त्याहूनही खाली राहणार, कारण त्यात पहिली ६२ अमिनो आम्ले नाहीतच. त्याच ब्लॉटवर अल्फाही पाहायचा असेल तर लायसेट ९५ अंशांवर उकळू नका. अल्फा गोळा होऊन वेलच्या तोंडाशीच अडकतो. ३७ अंशांवर अर्धा तास ठेवलेले पुरते.

गव्हाच्या अंकुराच्या अर्कातले प्रथिन बहुधा पूर्ण लांबीचे असते आणि त्याला जीएसटी टॅग (जोडलेले दुसरे प्रथिन) असतो. एकूण वजन ६० किलोडाल्टनच्या आसपास. यातही साखर नाही. पटलातला चिकट भाग मात्र शाबूत असतो, म्हणून बफर बदलताना ते खाली बसण्याची भीती राहते. अँटिबॉडीचा एपिटोप (ती धरते ती जागा) पहिल्या ६२ अमिनो आम्लांत असेल तर बाहेरचा तुकडा निरुपयोगी आणि हे उपयोगी. एरवी घेण्याचे फारसे कारण दिसत नाही. ते ट्रिस आणि १० मिलिमोलर रिड्यूस्ड ग्लुटाथायोनच्या बफरमध्ये येत असेल तर दोन अडचणी लक्षात ठेवा. प्रथिनाचे प्रमाण बीसीए या रंगाच्या पद्धतीने मोजल्यास ग्लुटाथायोनमुळे आकडा फुगतो, आणि अमाइन जोडणीने चिपवर किंवा बीडवर बसवायला गेलात तर ट्रिसच आधी जाऊन बसतो.

एचईके२९३ मधला तुकडा पेशीबाहेर स्रवलेला असतो. साखर लागलेली, डायसल्फाइड नैसर्गिक मार्गाने जुळलेले, जेलवर ४० ते ५० च्या आसपास पसरट. बाइंडिंग, एसपीआर (चिपवर बाइंडिंग मोजण्याची पद्धत), किंवा शेजारच्या दोन पेशींतले बीटा-१ एकमेकांना धरतात तो चिकटण्याचा प्रयोग, यांसाठी हाच घ्यावा. इथे काटकसर करून ई. कोलायचा माल वापरला आणि बाइंडिंग दिसले नाही, तर त्या नकारात्मक निकालाला काहीच अर्थ उरत नाही. पेशींवर प्रथिन टाकायचे असेल तर जिवाणूतल्या मालातले एंडोटॉक्सिन (जिवाणूच्या आवरणातले विषारी द्रव्य) हा वेगळाच त्रास. टॅग कुठल्या टोकाला आहे तेही विचारा. बीटाचे एन-टोक पेशीच्या आत आणि सी-टोक बाहेर असते. त्यामुळे एन-टोकाच्या हिस-टॅगने चिपवर धरलेला तुकडा पटलावर असतो तसाच उभा राहतो.

एलायझाचा (अँटिबॉडीने प्रथिनाचे प्रमाण मोजणारी चाचणी) स्टँडर्ड म्हणून वापरताना मायक्रोग्रॅम नव्हे, मोल मोजा. २८ किलोडाल्टनच्या तुकड्याच्या १ मायक्रोग्रॅममध्ये सुमारे ३६ पिकोमोल असतात, ६० किलोडाल्टनच्या जीएसटीवाल्यात सुमारे १७.

आता पंपाची क्रिया मोजायची असेल तर? यातले एकही घेऊ नका. बीटा एकटा एटीपी तोडत नाही, आणि कॅटलॉगमधला अल्फाचा ई. कोलाय तुकडाही पंप म्हणून चालत नाही. त्यासाठी डुकराच्या मेंदूतून किंवा मूत्रपिंडातून शुद्ध केलेले एन्झाइम, नाहीतर अल्फा आणि बीटा एकत्र बनवलेले यीस्ट वा कीटकपेशींचे पटल लागते. १०० ते १२० मिलिमोलर सोडियम क्लोराइड, २० पोटॅशियम क्लोराइड, ३ ते ५ मॅग्नेशियम, ३ एटीपी, पीएच ७.४, ३७ अंश. पंप बंद पाडणाऱ्या ओवाबेनसह आणि ओवाबेनशिवाय सुटलेल्या, रंगावरून मोजलेल्या फॉस्फेटमधला फरक म्हणजे पंपाची क्रिया. नागपुरात मेडिकल-मेयोकडे (इथली दोन सरकारी वैद्यकीय महाविद्यालये) किंवा फार्मसी कॉलेजांत हाताशी असतो तो उंदीर, आणि उंदराचा अल्फा-१ ओवाबेनला दाद देत नाही. मानवी पंप मायक्रोमोलरमध्ये बंद पडतो, उंदराला मिलिमोलरच्या घरात द्यावे लागते. १०० मायक्रोमोलरवर थांबलात तर पंपाची बरीचशी क्रिया पार्श्वभूमीत मोजली जाईल. पीबीएसमध्ये (फॉस्फेट असलेल्या बफरमध्ये) विरघळवलेले कुठलेही प्रथिन या नळीत टाकू नका. त्यातले फॉस्फेटच रंग देईल. डिटर्जंटने धुतलेल्या काचेचेही तेच.

नागपूरकरांसाठी पुरवठ्याचे स्वरूप हा निकष प्रथिन कशात बनवले याइतकाच महत्त्वाचा आहे. मुंबई किंवा दिल्लीला कस्टम्समधून सुटलेला डबा इथे पोहोचेपर्यंत सुका बर्फ उडत राहतो, आणि नवतपाच्या दिवसांत पारा ४५ च्या वर असताना गोदामात एक दिवस जास्त काढणे द्रव प्रथिनाला परवडत नाही. एप्रिल ते जूनमध्ये मागवायचेच असेल तर फ्रीझ-ड्राय पावडर घ्या, दर थोडा जास्त पडला तरी. द्रव माल नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. कोटेशनमध्येच चार गोष्टी लिहून मागा: अमिनो आम्लांची सुरुवात आणि शेवट, टॅगची जागा, बफरमधले घटक, आणि त्याच लॉटचा जेलचा फोटो. डबा शुक्रवारी सुटणार नाही हेही पुरवठादाराकडून लेखी घ्या.

पावडर आली की वायल उघडण्याआधी सेंट्रिफ्यूजमध्ये क्षणभर फिरवा, कारण पावडर झाकणाला चिकटलेली असते. मिलिलिटरला ०.१ ते १ मिलिग्रॅम होईल इतके निर्जंतुक पाणी घाला. व्होर्टेक्स नको, दहा मिनिटे तसेच ठेवून हलकेच फिरवा. १० ते २० मायक्रोलिटरचे भाग करून उणे ८० ला ठेवा. उणे ८० नसेल तर ५० टक्के ग्लिसरॉल घालून उणे २० ला ठेवा. या मिश्रणाचा बर्फ होत नाही, म्हणून वीज गेल्या-आल्याने गोठण्या-वितळण्याचे फेरे होत नाहीत. घरगुती फ्रॉस्ट-फ्री फ्रीजर मात्र टाळा, तो बर्फ काढायला स्वतःच ठरावीक वेळाने गरम होतो.