गावाच्या हाती बंदूक द्यावी का? डोडा, दंतेवाडा आणि गडचिरोली

कुठे हल्ला झाला की 'गावकऱ्यांनाच बंदुका द्या' ही मागणी जोर धरते. मत ठरवण्याआधी जम्मूतलं डोडा आणि छत्तीसगडमधलं दंतेवाडा शेजारी ठेवून पाहा. बंदूक दोन्हीकडे दिली गेली, पण ती कुठे उभी राहिली आणि कोणावर रोखली गेली यात सगळा फरक आहे.

डोडासारख्या जम्मूच्या डोंगराळ भागात 1995 पासून ग्राम संरक्षण समित्या उभ्या राहिल्या. तिथली घरं एकेका उतारावर विखुरलेली. पोलीस चौकी चालत काही तासांवर. हल्ला झाला तर मदत पोहोचेपर्यंतचा वेळ कोणी काढायचा? म्हणून माजी सैनिक आणि गावातल्या तरुणांना थ्री-नॉट-थ्री रायफली दिल्या गेल्या. रखवाली आपल्याच उंबऱ्यावर, धोका बाहेरून येणारा. 1 जानेवारी 2023 ला राजौरीतल्या डांगरी गावात अतिरेकी घरांत शिरून गोळ्या झाडत होते. एका ग्रामरक्षकाने आपल्या जुन्या रायफलीतून उत्तर दिलं, तेव्हा ते पळाले. तरीही तो हल्ला आणि दुसऱ्या दिवशीचा स्फोट मिळून सात जीव गेलेच.

ही बाजूही डागाळलेली आहे. सदस्य बहुतांश हिंदू, त्यामुळे मुस्लिम शेजाऱ्यांत अविश्वास. काही सदस्यांवर गंभीर गुन्हे दाखल झाले. 2022 मध्ये या रक्षकांची नव्याने रचना करून त्यांना पोलीस अधीक्षकांच्या देखरेखीखाली आणलं गेलं.

दंतेवाड्यात 2005 साली सलवा जुडूम ही माओवाद्यांविरुद्धची, सरकारचा पाठिंबा असलेली मोहीम सुरू झाली. गावं रिकामी करून माणसं छावण्यांत आणली गेली. मग राखायचं काय? आदिवासी तरुणांना, त्यातल्या कित्येकांना जेमतेम पाचवी शिकलेल्यांना, विशेष पोलीस अधिकारी म्हणून बंदूक देऊन माओवाद्यांच्या मागावर धाडलं. समोर उभा असायचा तो बरेचदा त्यांच्याच गावचा, त्यांच्याच नात्यातला. 15 मार्च 2007 ला राणीबोदलीच्या पोलीस तळावर माओवाद्यांच्या हल्ल्यात 55 जण मारले गेले, त्यातले 39 असे विशेष पोलीस अधिकारी होते. 5 जुलै 2011 ला सर्वोच्च न्यायालयाने ही नेमणूक घटनाबाह्य ठरवली, बंदुका परत घ्यायला सांगितलं. राज्याने त्याच वर्षी नवा कायदा करून त्याच तरुणांना सहायक सशस्त्र दलात घेतलं, हे मला आजही खटकतं.

शेजारच्या गडचिरोलीने तिसरी वाट धरली. 2003 पासूनच्या गावबंदी योजनेत ग्रामसभा ठराव करते, नक्षलवाद्यांना गावात थारा नाही, आणि गावाला विकासासाठी निधी मिळतो. इथे भरमार, म्हणजे ठासणीच्या बंदुका गावातून पोलीस ठाण्यात जमा झाल्या. अर्थात, ठराव करणाऱ्या गावालाही धोका असतोच, आणि जवळ पोलीस नसतील तर नुसता कागद गाव वाचवत नाही.

माझं मत असं: गाव जागेवर असेल, शत्रू बाहेरचा असेल आणि प्रत्येक काडतुसाचा हिशेब चौकीत द्यावा लागत असेल, तरच बंदुकीचा विचार करावा. गावातच दोन तट पडले असतील तर मुळीच नको.

आणि मागणी करताना पगारही विचारा. 2022 च्या रचनेत ग्रामरक्षकाला महिन्याला 4000 रुपये ठरले, गटप्रमुखाला 4500. नोव्हेंबर 2024 मध्ये किश्तवाडच्या जंगलात गुरं चारायला गेलेल्या दोन ग्रामरक्षकांना अतिरेक्यांनी पकडून ठार केलं. एक हिंदू होता, एक मुसलमान.