फ्रॉइडचा अहम् आणि बुद्धांचा अनात्मवाद

मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याने १९२३ मध्ये इदम् (वासनांचा भाग), अहम् (वास्तवाशी जुळवून घेणारा ‘मी’) आणि पराहम् (नीतीचा पहारेकरी) अशी मनाची विभागणी मांडली. तीत अहम् हा वासना, नीती आणि बाह्य वास्तव यांच्या कात्रीत सापडलेला असला, तरी उपचाराने बळ त्यालाच द्यायचे असते. बुद्धांनी सारनाथला पाच भिक्खूंसमोर रूप (शरीर), वेदना (सुखदुःखाची जाणीव), संज्ञा (ओळख), संस्कार (मनाच्या प्रवृत्ती) आणि विज्ञान (जाणीव) या माणूस ज्यांचा बनतो त्या पाच घटकांतील एकेक स्कंध घेऊन विचारले, की हे नित्य आहे की अनित्य, आणि जे अनित्य, म्हणून दुःखकारक, त्याला ‘हा माझा आत्मा’ म्हणणे योग्य आहे का. माझ्या मते हा प्रश्न अधिक मूलगामी आहे, कारण तो ‘मी’चा आधारच तपासतो. मात्र बालपणीच्या आघाताने खचलेल्या माणसाला आधी फ्रॉइडची वाट उपयोगी पडेल, कारण मनात येईल ते न गाळता बोलत दडपलेल्या आठवणीपर्यंत पोहोचण्याची पद्धत तिथे आहे.