पत्र्यावरचा पांढरा परावर्तक लेप : खरेदीआधी काय पाहावे

पत्र्याच्या छपरावर लावायच्या पांढऱ्या सूर्यपरावर्तक लेपाचे हे परीक्षण मी एका विशिष्ट खोलीचा विचार करून लिहीत आहे. दाट वस्तीतल्या या खोलीत स्वयंपाक, झोप आणि शिवणकामासारखा घरबसल्या रोजगार हे तिन्ही एकाच पत्र्याखाली चालतात. जगातील एक अब्जाहून अधिक लोक झोपडपट्ट्यांत किंवा तशाच अनौपचारिक वस्त्यांमध्ये राहतात आणि वाढत्या उष्म्याशी जुळवून घेण्याचे जे मोजके उपाय त्यांच्या आवाक्यात येऊ शकतात, त्यांत हा लेप मी वरच्या स्थानी ठेवतो.

त्याचे काम दुहेरी आहे. नवा, स्वच्छ लेप सुमारे 80 टक्के सूर्यकिरणे परतवतो. शिवाय शोषलेली उष्णता तो उघड्या पत्र्यापेक्षा कितीतरी सहज आकाशाकडे सोडून देतो. चकचकीत पत्राही ऊन परतवतो, परंतु शोषलेली उष्णता लवकर सोडत नाही. त्यामुळे भर दुपारी तो 60 अंश सेल्सियसच्या वर जाऊ शकतो, आणि गंजून काळवंडलेला पत्रा तर ऊन परतवतही नाही. लेपामुळे खोलीतील हवा साधारण 2 ते 5 अंशांनी उतरते. हा आकडा लहान वाटेल, पण तापमापक हवेचे तापमान सांगतो, डोक्यावरच्या पत्र्यातून अंगावर येणारी धग सांगत नाही, आणि खरा फरक त्या धगीत पडतो. दुपारी हातातले काम बाजूला ठेवून दाराबाहेर सावलीत बसावे लागणाऱ्या बाईला तेवढे तास परत मिळाले, तर तिची त्या दिवसाची मजुरी वाचते. तुकड्यांवर मजुरी मिळणाऱ्या घरात लेपाचे मोल अंशांपेक्षा अशा तासांत मोजावे, असे मला वाटते.

आता उणिवा. विक्रेते हा लेप एकदा लावून विसरून जाण्याची वस्तू म्हणून विकतात आणि हे मला मुळीच मान्य नाही. चुलीचा धूर, रस्त्याची धूळ आणि पावसाळ्यातले शेवाळ यांमुळे पांढरेपणा एक-दोन वर्षांतच मंदावतो व त्याबरोबर परावर्तनही घटते. म्हणून उन्हाळा लागण्यापूर्वी दरवर्षी छप्पर धुवावे लागते, आणि ज्या वस्तीत पिण्याचे पाणीच मोजून मिळते तिथे ही अट किरकोळ नाही. गंज तारेच्या ब्रशने खरवडून, गंजरोधक प्रायमर देऊन, मग लेपाचे दोन हात द्यायला हवेत. तयारी टाळली की पापुद्रे सुटतात आणि खर्च वाया जातो. जुना पत्रा माणसाचे वजन पेलत नाही, त्यामुळे फळ्या टाकूनच वर चढावे, ही सूचना मला डब्यावर ठळक अक्षरांत हवी होती. चुन्याचा हात स्वस्त पडतो व एका उन्हाळ्यापुरता चांगले काम करतो, पण पहिल्या जोरदार पावसांतच धुऊन जातो.

खोलीत वारा खेळत नसेल, तर दमट हवेत घाम वाळत नाही आणि तिथे लेप एकटा पुरा पडत नाही. भिंतीच्या माथ्याशी झरोका असला तर त्याची साथ होते. साचणारे पाणी, तुंबलेली गटारे, आजारपणातला बुडालेला रोज यांवर लेपाचा काहीच उपाय नाही, आणि वस्ती सुधारणेच्या योजनेत केवळ छपरे रंगवून थांबणाऱ्यांनी हे लक्षात घ्यायला हवे.

स्वतःची खोली असलेल्याने हा लेप जरूर घ्यावा. शक्यतो शेजारच्या पाच-सहा घरांनी मिळून मोठा डबा घ्यावा आणि धुण्याची पाळी ठरवावी. भाडेकरूने मात्र डबा उघडण्यापूर्वी घरमालकाशी लेखी करार करावा, कारण खोली गार झाली म्हणून भाडे वाढले, तर वाचलेली मजुरी त्यातच जाईल.