दाभोळ की कोयना?

क्षमतेत दोन्ही जुळी भावंडं: अंजनवेलचा दाभोळ वायू-वीजप्रकल्प १९६७ मेगावॅट, कोयना जलविद्युत प्रकल्प १९६० मेगावॅट.

संध्याकाळी मागणी उसळली की कोयनेची जनित्रं काही मिनिटांत वीज देतात. इंधनखर्च शून्य. पण विजेसाठी पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला कृष्णा लवादाची (राज्यांमध्ये नदीचं पाणी वाटून देणाऱ्या न्यायाधिकरणाची) वार्षिक ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा आहे.

दाभोळला पावसाची वाट बघावी लागत नाही. गॅस टर्बाइनमधून निघालेल्या तप्त वायूंवर वाफ करून पुन्हा वीज काढतात. इंधनातली जवळपास निम्मी ऊर्जा कामी येते, कोळशाला हे जमत नाही. पण वायू हवा ना! कृष्णा-गोदावरी खोऱ्यातला पुरवठा २०१३ मध्ये थांबला आणि आयात एलएनजीची (द्रवरूप नैसर्गिक वायूची) वीज परवडेना. प्रकल्प उभारणारी अमेरिकन कंपनी एन्रॉन गेली, महागाईचं दुखणं राहिलं. माझं मत कोयनेला, निदान धरणात पाणी असेपर्यंत.