वॉल्थम बटरनटचं बियाणं: अमेरिकेत लाल भोपळा लावायचा असेल तर हे घ्या

बोस्टनच्या आसपास राहणाऱ्या आणि घरामागे दोनचार वाफे असणाऱ्या सगळ्यांसाठी लिहितेय. यंदा वॉल्थम बटरनटचं पाकीट आणलं होतं, चार डॉलरच्या आसपास पडलं, आणि आत्ता तळघरात अकरा भोपळे ओळीने ठेवलेत त्यामुळे मनापासून सांगते, घ्या.

इथे आल्यावर पहिल्या वर्षी मी ऑक्टोबरमध्ये तो मोठा केशरी हॅलोवीनचा पंपकिन आणून भाजी केली होती, नुसतं पाणी सुटलं, धागे धागे आणि गोडी नावाला नाही. नंतर कळलं की तो कोरायला म्हणूनच वाढवलेला वाण, जातच वेगळी. आपला लाल भोपळा, डांगर म्हणा नाहीतर काशीफळ म्हणा, तो बहुतेक ठिकाणी कुकुर्बिटा मॉस्काटा असतो आणि बटरनटही मॉस्काटाच आहे, म्हणजे सख्खा भाऊ. फक्त दिसायला दुधीसारखा लांबट, मान जाड, रंग बिस्किटासारखा. विंटर स्क्वॉश म्हणतात म्हणून थंडीत लावू नका बरं का, लावायचा उन्हाळ्यात, साल कडक होऊन हिवाळाभर टिकतो म्हणून ते नाव.

आणि हा इथलाच आहे हे मला फार आवडलं. आमच्या घरापासून थोड्याच अंतरावर स्टो नावाचं गाव आहे, तिथल्या चार्ल्स लेगेट यांनी १९४० च्या दशकात बटरनट तयार केला असं सांगतात, पुढे वॉल्थमच्या शेती संशोधन केंद्रात त्यावर काम होऊन हा सुधारित वाण आला आणि १९७० मध्ये त्याला ऑल अमेरिका सिलेक्शन्सचा (नव्या वाणांना चाचणी घेऊन देतात तो) पुरस्कार मिळाला. म्हणजे मॅसॅच्युसेट्सच्याच हवेत वाढलेलं बियाणं आहे, आणि ते वेलाकडे बघून कळतं.

आता आधीच्या वर्षीचा किस्सा सांगते म्हणजे मी एवढी का खूष आहे ते समजेल. एका ऑनलाइन दुकानातून 'इंडियन पंपकिन' असं लिहिलेलं बियाणं मागवलं होतं, पाकिटावर वाणाचं नाव नाही, जात नाही, काही नाही. वेल असा फोफावला की मी रोज आईला व्हिडिओ कॉलवर दाखवायचे. जुलैत एके दिवशी दुपारी सगळी पानं मान टाकून पडलेली, वाटलं पाणी कमी पडलं, भरपूर पाणी घातलं, दुसऱ्या दिवशीही तेच. बुडाशी बघितलं तर देठाला भोक आणि बाहेर ओल्या भुशासारखं काहीतरी. ब्लेडने उभा चिरला तर आत पांढरी जाड अळी, तपकिरी डोक्याची. हिला इथे स्क्वॉश वाइन बोरर म्हणतात. तीन वेल तीन दिवसात गेले, खरंच रडू आलं मला. दुकानाला दोन मेल केले, एकाचंही उत्तर नाही. शेजारच्या आजोबांनी पानं बघून सांगितलं की हा मॅक्सिमा जातीचा होता, त्याचा देठ पोकळ आणि मऊ, अळीला आयतं घर. मॉस्काटाचा देठ भरीव आणि कडक असतो म्हणून अळी सहसा टिकत नाही. तेव्हापासून पाकिटावर शास्त्रीय नाव लिहिलेलं असेल तरच घ्यायचं हे ठरवलं. वॉल्थमच्या पाकिटावर ते स्पष्ट छापलेलं होतं.

दहा बिया लावल्या, नऊ उगवल्या, त्यातली चार रोपं ठेवली. मेच्या शेवटच्या आठवड्यात, माती हाताला कोमट लागायला लागल्यावर, घाई केली असती तर बी कुजलं असतं. शेणखत भरपूर घातलं. जागा मात्र बघून घ्या, एकेक वेल दहा बारा फूट सहज जातो, माझा एक कुंपणावरून पलीकडे गेला आणि दोन भोपळे शेजाऱ्यांकडेच लागले (त्यांनाच देऊन टाकले). पानांवर ऑगस्टमध्ये भुरी (पांढरी पिठासारखी बुरशी) आली, यातून सुटका नाही, पण तोवर फळं धरलेली होती.

सुरुवातीला नुसती नर फुलं येतात तेव्हा घाबरू नका. मादी फुलाखाली इवलासा भोपळा आधीच असतो, अगदी बोटाच्या पेराएवढा, मान आणि पोट सगळं त्याच आकारात. माझ्याकडे मधमाश्या कमी दिसल्या म्हणून सकाळी साडेसहाला जाऊन नर फुल तोडायचं, पाकळ्या काढायच्या आणि मधला पिवळा दांडा मादी फुलात हलकेच फिरवायचा. नऊ साडेनऊनंतर फुलं मिटायला लागतात, मग उपयोग नाही. उरलेल्या नर फुलांची भजी.

पाकिटावर १०५ दिवस लिहिलंय, मला जवळपास तेवढेच लागले. पितृपक्षाला हवा होता घरचा भोपळा पण तेव्हा देठाजवळ हिरव्या रेघा होत्या. आई म्हणाली, "नख लाव गं, नख रुतलं तर अजून कोवळा आहे." रुतलं. घटस्थापनेच्या आठवड्यात नख घसरलं तेव्हा काढले, देठ दोन बोटं ठेवून. देठाला धरून उचलू नका, तो तुटला की तिथूनच सडतो.

पाकिटाची एकच तक्रार, आणि त्यासाठी अर्धा स्टार कापते. काढल्यावर काय करायचं याचा त्यात एक शब्द नाही. आठ दहा दिवस उबदार, हवेशीर जागेत ठेवावा लागतो, साल पक्की होते, मग गार कोरड्या जागी ठेवायचा, फ्रिजमध्ये नाही. आणि लगेच खायचा नाही! मी एक लगेच कापला, चव बरी होती, दुसरा महिन्याने कापला तर रंग गडद आणि इतका गोड की घारग्यांना गूळ निम्मा पुरला. स्टार्चची साखर व्हायला वेळ लागतो. पाणी कमी सुटतं म्हणून पीठही कमी लागलं, घारगे मऊ झाले, दुसऱ्या दिवशी डब्यात पण मऊच. मेथीदाण्याची फोडणी घालून भाजी केली तर फोडी अख्ख्या राहिल्या. दही घालून भरीत सगळ्यात छान, त्यासाठी मानेचा भाग वापरा, तिथे बिया नसतात, सगळा गर.

साडेचार स्टार. हे हायब्रिड नाही त्यामुळे बी पुढच्या वर्षी चालतं, माझ्या आसपास दुसरा मॉस्काटा नव्हता (झुकिनी होती, पण ती पेपो जातीची, तिच्याशी सहसा संकर होत नाही) म्हणून धुवून वाटीभर बी वाळवून ठेवलंय. या बाजूला कोणी असेल आणि हवं असेल तर खाली लिहा, मार्चमध्ये पुड्या बांधून देते.