निझवाचा शुक्रवार : ओमानच्या बाजारगावांची सहल घ्यावी की नाही?

यवतमाळ, वर्धा आणि अमरावती या जिल्ह्यांतल्या तालुक्यांच्या गावांमधून माणसे जमवून नागपूरची एक प्रवास कंपनी हिवाळ्यात ओमानची सहल काढते. दुबईचे मनोरे आणि मॉल यांना पूर्ण फाटा देऊन निझवा, बहला, अल हमरा, मिस्फात अल अब्रियीन आणि शेवटी मस्कतला लागून असलेले मत्रह अशी जुनी बाजारगावे आणि खेडी दाखवणारी ही सहल असल्यामुळे आम्ही काही शेतकरी, निवृत्त शिक्षक आणि किराणा व्यापारी तिच्यात सामील झालो. ती घेण्यासारखी आहे, पण एका अटीवर : निझवाला शुक्रवारची सकाळ मिळालीच पाहिजे. कंपनीच्या छापील कार्यक्रमात निझवा सोमवारी होते. ज्यांची हयात गुरांच्या बाजारात गेली असे एक काकाजी आमच्या गटात होते. त्यांनी विसार देण्यापूर्वीच विचारले, "बाजाराच्या गावाले बाजाराच्या दिवशी नाही जायचं, तर मंग जायचं कायले?" कंपनीने थोडी कुरकुर करून मुक्कामांचा क्रम बदलला, आणि या सहलीचे जे काही चीज झाले ते या बदलामुळेच झाले.

निझवा हे मस्कतपासून सुमारे दीडशे किलोमीटर आत, डोंगराच्या पायथ्याशी वसलेले खजुरांच्या बागांचे गाव आहे. शुक्रवारी दुपारी जुम्म्याची नमाज असल्यामुळे तिथला शेळ्यांचा बाजार उजाडताच भरतो आणि नऊ वाजेपर्यंत विरळ होऊ लागतो. किल्ल्याजवळच्या एका छपराखाली गोल वाट आखलेली आहे. तिच्या आत आणि बाहेर गिऱ्हाईक बसते किंवा उभे राहते, आणि मधल्या वाटेवरून विकणारे आपापली शेळी, बोकड किंवा मेंढरू दाव्याने ओढत, भाव मोठ्याने पुकारत फेऱ्या मारतात. ज्याला जनावर पटले तो हात वर करून फेरी थांबवतो. पांढरा पायघोळ दिशदाशा घातलेल्या आणि हातात वेताची छडी धरलेल्या एका म्हाताऱ्याने आमच्या अगदी समोर एक काळा बोकड थांबवला, त्याचा ओठ अंगठ्याने वर करून दात पाहिले, पाठीच्या कण्यावरून बोटे दाबत नेली, मागचा पाय उचलून खूर तपासला आणि एक शब्दही न बोलता मान हलवून त्याला पुढे जाऊ दिले. काकाजींना ही परीक्षा दुभाष्याशिवाय कळली. त्यांच्या मते त्या बोकडाची पाठ बसकी होती. चांगल्या स्थानिक जातीच्या बोकडाची बोली शंभर रियालच्या पुढे गेलेली आम्ही पाहिली. एक रियाल दोनशे रुपयांहून महाग असल्यामुळे हा हिशेब मनात करताच आमच्यातल्या शेळीपालकांचे डोळे विस्फारले. आपल्याकडे गुरांच्या बाजारात दुपट्ट्याखाली बोटे दाबून सौदा करण्याची जी चाल होती, तिच्या हा प्रकार नेमका उलट आहे. इथे भाव सर्वांच्या कानांवर पडतो, त्यामुळे शेजारच्याने काय दिले हे लपून राहत नाही.

याच आवारात मासळी, भाजी, खजूर आणि मडकी यांचे वेगवेगळे विभाग आहेत. त्यांतला खजुरांचा विभाग मी सर्वांत वर ठेवीन. खलास, फर्द आणि खसाब या जाती चाखून पाहण्यासाठी ताटलीत मांडलेल्या असतात, सोबत वेलदोडा घातलेला कडवट काहवा म्हणजे अरबी कॉफी मिळते आणि विकत घेतलेच पाहिजे असा आग्रह कोणी धरत नाही. काहवा पुरे झाला असेल तर रिकामा पेला हलवून परत द्यायचा, नाहीतर तो भरतच राहतो. मबसली नावाच्या जातीची फळे पूर्ण पिकण्याआधी मोठ्या कढयांत उकळून उन्हात वाळवतात आणि हा माल फार पूर्वीपासून भारतात येत आला आहे. बाळंतिणीच्या लाडवांत आपण जी खारीक कुटून घालतो, तिच्यापैकी काहींचे मूळ गाव पाहिल्याचे समाधान आमच्याबरोबरच्या महिलांना किल्ल्यापेक्षा अधिक वाटले.

किल्लाही पाहण्यासारखाच आहे. १६५० मध्ये पोर्तुगिजांना मस्कतमधून हुसकावणारे तेव्हाचे राज्यकर्ते इमाम सुलतान बिन सैफ यांनी त्याचा अजस्र गोल बुरूज बांधला. जिन्यातल्या प्रत्येक दारावर वरून उकळते तेल किंवा खजुराचा पाक ओतण्यासाठी भोके ठेवलेली आहेत. खजुराच्या कोठारात जमिनीला उतरत्या पन्हळी आहेत. थरावर थर रचलेल्या पोत्यांच्या भाराने जो रस पाझरे तो या पन्हळींतून साठवत, म्हणजे अन्न आणि हत्यार एकाच खोलीतून निघे. वाटाड्याने मात्र हे काहीच सांगितले नाही. आम्ही ते भिंतीवरच्या पाट्या वाचून समजून घेतले.

शेतकऱ्याने चुकवू नये अशी दुसरी जागा म्हणजे निझवाजवळचे बिरकत अल मौझ हे गाव. डोंगराच्या पोटातले पाणी उताराने गावात आणणाऱ्या पाटांना तिथे फलज म्हणतात, आणि देशात असे तीन हजारांहून अधिक फलज आजही चालू आहेत. त्यांतल्या पाच फलजांना २००६ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा ठरवले. बिरकत अल मौझचा अल खतमीन हा त्यांपैकीच एक असून त्याचे पाणी दगडी बांधणीने तीन सारख्या हिश्श्यांत फुटते. पाणी आधी पिण्यासाठी, मग मशिदीसाठी आणि अंघोळीसाठी, आणि नंतर बागांसाठी असा त्याचा क्रम आहे. पाळी पूर्वी दिवसा सावलीच्या काठीने आणि रात्री ताऱ्यांवरून मोजत. कालव्याच्या शेवटच्या टोकाला शेत असलेल्या आमच्या मंडळींनी इथे एवढे प्रश्न काढले की वाटाड्याची पंचाईत झाली. त्यांची उत्तरे अखेर बागेतल्या एका बांगलादेशी मजुराने मोडक्या हिंदीत दिली. कंपनीने या ठिकाणासाठी जेमतेम फोटो काढण्यापुरता वेळ राखला होता, ही माझी या सहलीबद्दलची मुख्य तक्रार आहे.

बहलाचा मातीचा किल्ला १९८७ पासून जागतिक वारसा यादीत आहे. आकाराने तो थक्क करणारा असला तरी आत मांडलेले फार नाही, त्यामुळे तासाभरात उरकतो. गावातल्या कुंभारांची भांडी स्वस्त आणि देखणी आहेत. मिस्फातमध्ये डोंगराला चिकटलेल्या मातीच्या घरात मुक्काम होता. खोल्या स्वच्छ, जेवण घरगुती आणि पाटाचा आवाज रात्रभर कानाशी होता, पण पायऱ्या अरुंद आणि चढ उभा असल्यामुळे गुडघे दुखणाऱ्यांनी खालच्या गावातच राहण्याची सोय आधी मागून घ्यावी.

शाकाहारी जेवणाचे आश्वासन कंपनीने अर्धेच पाळले. निझवाच्या हॉटेलात दोन्ही वेळा तीच पिवळी डाळ आणि कोबी समोर आला. रस्त्याकडेला मल्याळी लोक चालवतात त्या छोट्या टपऱ्यांना तिथे कॉफी शॉप म्हणतात. तिथले पराठे, भाजी आणि दुधाचा चहा त्या डाळीपेक्षा कितीतरी सरस आणि स्वस्त होते. झुणका-भाकरीची सवय असलेल्यांनी ठेचा मात्र बरोबर न्यावा.

मत्रहच्या बाजाराबद्दल माझे मत बरेच थंड आहे. लोबानाचा वास, चांदीचे खंजीर आणि लाकडी छताच्या गल्ल्या सुंदर आहेत, पण दुकानांतला पुष्कळ माल पर्यटकांसाठी बाहेरून आणलेला असतो आणि पहिला भाव निम्म्यावर येईपर्यंत घासाघीस करावी लागते. चालकाने "ओळखीच्या" म्हणून नेलेल्या हलव्याच्या दुकानात तर आतल्या गल्लीच्या जवळजवळ दुप्पट दर होता. तरीही कच्छी व्यापाऱ्यांच्या पेढ्या तिथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत आणि १९७० पर्यंत ओमानमध्ये रुपया चालत असे, हे ठाऊक असले की त्या गल्ल्या परक्या वाटत नाहीत. जायचे तर संध्याकाळी जावे, कारण दुपारी एक ते चारच्या सुमारास बहुतेक दुकाने बंद असतात.

पैशांच्या बाबतीत कंपनी सरळ आहे. विमान, व्हिसा, गाडी आणि मुक्काम ठरलेल्या रकमेतच झाले, मागून काही उकळले नाही. इब्रा इथला बुधवारचा महिलांचा बाजार आणि सिनाव इथला गुरुवारचा बाजार त्यांच्या कार्यक्रमात नाहीत, पण गट मोठा असेल तर जोडून देऊ असे कार्यालयातून सांगण्यात आले आहे. पुढच्या हिवाळ्याच्या पत्रकात निझवा पुन्हा शुक्रवार सोडून, या वेळी मंगळवारी दाखवले आहे, तेव्हा बुधवारी इब्रा, गुरुवारी सिनाव आणि शुक्रवारी निझवा असा क्रम लेखी घेतल्याशिवाय विसार देऊ नये.