मंत्रालयाच्या नावाची इंटर्नशिप आणि माझे साडेनऊ हजार

मी पुण्यात एम.ए. राज्यशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहते. एप्रिलमध्ये वर्गाच्या ग्रुपवर एक पीडीएफ आली: केंद्रीय मंत्रालयासोबत सार्वजनिक धोरणाची इंटर्नशिप, 8 आठवडे, महिना 12,000 रुपये मानधन. आमच्या विषयाला अशी संधी क्वचित येते. मी त्याच रात्री अर्ज भरला.

मुलाखत व्हिडिओ कॉलवर झाली आणि चांगली झाली, हे मुद्दाम सांगते. 74 व्या घटनादुरुस्तीने महापालिकांसाठी बाराव्या अनुसूचीत 18 विषय दिले, मग अधिकार प्रत्यक्षात का आले नाहीत, असं त्यांनी विचारलं. इतक्या नीट प्रश्नांची मला सवय नव्हती. माझा विश्वास तिथेच बसला.

मग नोंदणीचे 999, ‘परत मिळणारी’ अनामत 6,500 आणि पोलीस पडताळणीचे 2,000. तिन्ही वेळा वेगळा यूपीआय आयडी, तिन्ही वेळा व्यक्तीच्या नावाचा. पैसे दादाने पाठवले. पत्रावर राजमुद्रा होती, पण खाली ‘सत्यमेव जयते’ नव्हतं. जावक क्रमांक नव्हता. सहीखाली नुसतं ‘कार्यक्रम संचालक’. हे सगळं मला आज दिसतं. त्या दिवशी मी फक्त माझं नाव वाचलं.

काम मात्र त्यांनी खरंच दिलं. विषय होता घरोघरी कचरा गोळा करणाऱ्या बायकांच्या कामाची परिस्थिती. मी सहा आठवडे रोज सकाळी साडेसहाला बाहेर पडत होते. 23 जणींशी बोलले. एक मावशी ढकलगाडीजवळ बसून सुका कचरा वेगळा करत होत्या. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका करा, एवढं वर्षानुवर्षं सांगूनही लोक ते उघडेच टाकतात, असं म्हणून त्यांनी हात पुढे केला. हातमोजा अंगठ्याशी फाटला होता. ‘हे वरपर्यंत जाईल ना? मग लिही,’ म्हणाल्या. मी हो म्हटलं.

अहवाल पाठवला त्याच्या दुसऱ्या दिवशी इंटर्नशिपचा ग्रुप गायब, त्यांचे फोन बंद. मंत्रालयाच्या संकेतस्थळावरून नंबर काढून फोन केला, तर असा कार्यक्रमच नाही असं कळलं.

मग विभागातल्या सरांनी जे समजावलं ते आधी माहीत हवं होतं. नीती आयोगाची इंटर्नशिप बिनमानधनी असते. अर्ज महिन्याच्या 1 ते 10 तारखेत, आयोगाच्याच संकेतस्थळावर, आणि पैसे कुणी मागत नाही. 2024 मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान इंटर्नशिप योजनेलाही अर्जाचं शुल्क नाही. मुख्यमंत्री फेलोशिपला 500 रुपये अर्जशुल्क होतं, पण ते सरकारी संकेतस्थळावर भरायचं. म्हणजे शुल्क दिसलं की खोटं, असं नाही. पैसे कुणाच्या खात्यात जातात ते बघा. पत्ता ‘जीओव्ही डॉट इन’ किंवा ‘एनआयसी डॉट इन’ने संपतो का बघा. आणि पत्रावरच्या नंबरला फोन करून खात्री करू नका, तो नंबर त्यांचाच असतो. कार्यालयाचा नंबर स्वतः शोधा.

1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर मी फोन केला तेव्हा पहिल्या पैशाला दोन महिने उलटले होते. लगेच कळवलं तर रक्कम बँकेत गोठवता येते. माझी पुढे निघून गेली होती. तक्रार सायबर पोर्टलवर आहे, पोचपावतीचा क्रमांक जपून ठेवलाय. अशाच फसलेल्या, पण लाज वाटून गप्प बसलेल्या माझ्या दोन मैत्रिणींनीही नंतर तक्रार केली.

पैशांचं दादाला सांगितलं, तो रागावला नाही. त्या मावशींना मात्र अजून सांगितलेलं नाही. 23 जणींचं बोलणं माझ्या वहीत आहे. ते विभागाच्या मदतीने नीट लिहून महापालिकेच्या घनकचरा विभागात स्वतः नेऊन देणार आहे, पण त्याआधी सकाळी साडेसहाला त्या ढकलगाडीपाशी जाऊन खरं काय झालं ते सांगायचं आहे.